यंत्र घरात, किल्ली परदेशात

खंडेनवमीच्या दिवशी महाराष्ट्रात सुतार आपला रंधा आणि वाकस पुसून पाटावर मांडतो, शेतकरी नांगराला गंध लावतो, शिंपी शिलाईयंत्राला हळदकुंकू वाहतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या मांडणीत संगणकाची भर पडली. कार्यालया-कार्यालयांतून पडद्याच्या कोपऱ्यावर झेंडूचे फूल डोलताना दिसते आणि ते दृश्य मनाला सुखावणारेच आहे. परंतु सुताराची पूजा आणि संगणक वापरणाऱ्याची पूजा यांत एक मोठे अंतर आहे. रंध्याचे पाते बोथट झाले तर सुतार त्याला स्वतः धार लावतो, दांडा मोडला तर नवा घडवून बसवतो. हत्यार त्याचे आहे, याचा अर्थ ते त्याला कळते. संगणकाच्या पूजकाला हे म्हणता येईल काय?

या प्रश्नाची प्रचिती घ्यावयाची असेल तर लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बिघडतो तेव्हा काय घडते ते पाहावे. लिनक्स हा युनिक्सच्या धर्तीवर रचलेला, १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने आरंभ केलेला आणि पुढे जगभरातील सहस्रावधी हातांनी वाढवलेला संगणकाचा गाभा, म्हणजे कर्नेल आहे. त्याची मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी. ड्रायव्हर म्हणजे हा गाभा आणि एखादे उपकरण यांच्यामधला दुभाषा. दुभाषा प्रामाणिक व जाणता असेल तर व्यवहार सुरळीत चालतो. तो रुसला तर दोन्ही पक्ष समोरासमोर असूनही मुके होतात.

प्रसंग नेहमीचाच आहे. रात्री प्रणाली अद्ययावत होते. सकाळी यंत्र सुरू करावे तर पंखा फिरतो, दिवे लागतात आणि पडदा मात्र काळाठिक्कर. शंभरातले नव्वद जण येथेच हात टेकतात. कोणी दुकानदाराला बोलावतो, कोणी सगळे पुसून नव्याने बसवतो, कोणी कंटाळून खिडक्यांच्या जुन्या प्रणालीकडे परततो. वास्तविक यंत्र मेलेले नसते. बहुतेक वितरणांत कंट्रोल, अल्ट आणि एफ ३ या कळा एकत्र दाबल्या की अक्षरांचा साधा पडदा उघडतो. यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या यादीतून आधीचा कर्नेल निवडला तर बहुधा चित्रही परत येते. तेही न जमल्यास आरंभीच्या आज्ञेत ‘नोमोडसेट’ हा एक शब्द जोडावा. कार्डाला विशेष काही न मागता कामापुरते चित्र दाखवण्याची ती सूचना आहे. नंतर ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेला ‘के’ची जोड दिली की कार्ड कोणत्या ड्रायव्हरच्या हाती आहे ते कळते आणि ‘डीमेसेज’ ही आज्ञा कर्नेलची रोजनिशी वाचून दाखवते. लिनक्स आपली दुखणी लपवत नाही, ती लिहून ठेवतो. वाचणारा मात्र हवा.

ही रोजनिशी वाचली की बहुधा तीनांपैकी एक कारण हाती लागते. पहिले असे की, कर्नेल नवा आला, पण बाहेरून आणलेला बंद ड्रायव्हर त्याच्यासाठी पुन्हा घडवला गेला नाही. लिनक्सच्या अंतर्भागातील जोडण्या स्थिर ठेवण्याचे वचन त्याच्या निर्मात्यांनी कधीच दिलेले नाही. कर्नेलच्या घरात राहणारे ड्रायव्हर त्या बदलांबरोबर आपोआप दुरुस्त केले जातात. घराबाहेर राहणाऱ्याला दर वेळी नव्याने जुळवून घ्यावे लागते. हे काम ‘डीकेएमएस’ नावाची व्यवस्था करते खरी, परंतु नव्या कर्नेलच्या शीर्ष-संचिका यंत्रावर नसतील तर तीही निरुपाय होते. दुसरे कारण, एकाच कार्डावर दोन ड्रायव्हर हक्क सांगतात आणि दोघांच्या भांडणात पडदा काळा राहतो.

तिसरे कारण अधिक बोधप्रद आहे. ‘सिक्युअर बूट’ चालू असलेले यंत्र स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल आत घेत नाही. अशा वेळी यंत्राच्या मालकाने आपली स्वतःची किल्ली तयार करून मॉड्यूलवर तिची मुद्रा उमटवावी आणि ती किल्ली यंत्राला ओळखीची करून द्यावी, अशी सोय आहे. पुढच्या आरंभी एक निळा पडदा येऊन संमती विचारतो. घाईत असलेला मनुष्य तो न वाचताच पुढे जातो आणि मग ड्रायव्हर का चढत नाही म्हणून कपाळाला हात लावतो. आपल्या यंत्रावर आपली मुद्रा उमटवण्याची संधी समोर आलेली असते, ती ओळखता येत नाही एवढेच.

येथवरचे दोष वापरणाऱ्याच्या अज्ञानाचे म्हणता येतील. पुढचा दोष तसा नाही.

ग्राफिक्स कार्डांच्या बाजारात गेली वीस वर्षे दोन वाटा शेजारी-शेजारी चालत आल्या आहेत. एएमडीने २००६ साली एटीआय ही कंपनी विकत घेतली आणि २००७ मध्ये आपल्या कार्डांची तांत्रिक माहिती खुली करण्याचे धोरण जाहीर केले. इंटेलने आपले ग्राफिक्स ड्रायव्हर खुलेच ठेवले. एनव्हिडियाने मात्र दीर्घकाळ बंद पेटीचा आग्रह धरला. तेव्हा काही स्वयंसेवक प्रोग्रामरांनी ‘नूव्हो’ नावाचा प्रकल्प आरंभला. कार्डाला कोणता आकडा दिला असता ते काय करते, याची निरीक्षणे नोंदवीत, एखादी अज्ञात लिपी उलगडावी तसा त्यांनी ड्रायव्हर रचला. २०१० साली तो २.६.३३ या कर्नेलमध्ये समाविष्ट झाला. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातील कार्यक्रमात एका श्रोतीने या कंपनीच्या दुहेरी कार्डांच्या लॅपटॉपविषयी विचारले, तेव्हा टोरवाल्ड्स यांचा संयम सुटला आणि त्यांनी कॅमेऱ्यासमोर कंपनीला उद्देशून असभ्य हातवारा केला. सभ्यतेच्या दृष्टीने त्याचे समर्थन होऊ नये, पण त्यामागचा संताप खोटा नव्हता.

त्यानंतर जे घडले ते अधिक गंभीर होते. २०१४ नंतरच्या कार्डांत कंपनीने आपल्या स्वाक्षरीचे फर्मवेअर अनिवार्य केले. ते नसेल तर कार्ड चालते, परंतु आरंभीच्या मंद गतीवरच अडकून राहते. दहा घोडे जुंपलेला रथ, पण लगाम दुसऱ्याच्या हाती. २०२२ च्या मे महिन्यात कंपनीने ट्युरिंग आणि त्यापुढील पिढ्यांसाठी कर्नेलमध्ये बसणारा भाग खुला केला, हे नमूद केलेच पाहिजे. २०२४ च्या जानेवारीत आलेल्या ६.७ कर्नेलपासून त्या पिढ्यांची नूव्होवरील कोंडीही बरीच फुटली. मात्र खुद्द कार्डात चढणारे फर्मवेअर बंदच आहे आणि मधल्या पिढ्या कात्रीत सापडल्या. २०१६ च्या सुमारास घराघरांत पोहोचलेली जीटीएक्स १०६० सारखी कार्डे घ्या. कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केले की ५८० ही या पिढीला आधार देणारी ड्रायव्हरची शेवटची शाखा. म्हणजे बंद ड्रायव्हर उताराला लागला आणि खुला ड्रायव्हर स्वाक्षरीवाचून मंदच राहिला. याउलट २००२ साली बाजारात आलेल्या रेडिऑन ९७०० च्या पिढीला आजही खुला ड्रायव्हर उपलब्ध आहे, कारण तिची भाषा जाणणारे लोक कंपनीच्या बाहेरही आहेत. दोन्ही कार्डे धातू आणि सिलिकॉनचीच. एकाचे आयुष्य त्याच्या देहाने ठरवले, दुसऱ्याचे एका कार्यालयातील वेळापत्रकाने.

कंपनीची बाजूही आहे. संशोधनावर प्रचंड पैसा ओतणाऱ्याने आपले गुपित जपावे यात अनैसर्गिक काही नाही आणि बंद ड्रायव्हर अनेकदा अधिक वेगवान असतो हेही खरे. आपल्या परंपरेकडे बोट दाखवून सुटका करून घेण्याचेही कारण नाही. ज्ञान वाटल्याने वाढते असे आपण म्हणत आलो, पण कित्येक कारागिरांनी आणि वैद्यांनी आपापली विद्या घराण्याबाहेर जाऊ दिली नाही आणि वंशाबरोबर ती विद्याही बुडाली. गुपिताची किंमत हिंदुस्थानाला कोणी बाहेरून समजावून सांगावी लागत नाही.

मग एका काळ्या पडद्याची एवढी चर्चा कशासाठी? कारण हीच कार्डे आता केवळ चित्र दाखवण्यापुरती राहिलेली नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेचा सारा डोलारा त्यांच्यावर उभा आहे. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सुमारे १० हजार ३७२ कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय’ मोहिमेला मान्यता दिली. तिच्याद्वारे हजारो जीपीयू संशोधकांना व नवउद्योजकांना अल्प दरात उपलब्ध होत आहेत. निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या मावळत्या प्रशासनाने अशा चिप्सच्या निर्यातीची जी नियमावली काढली, तिच्यात निकटच्या मित्रराष्ट्रांच्या यादीत भारताला स्थान नव्हते. मे महिन्यात नव्या प्रशासनाने ती मागे घेतली. जे एका सहीने आले आणि दुसऱ्या सहीने गेले, ते तिसऱ्या सहीने पुन्हा येणार नाही याची हमी कोण देणार?

त्याच वर्षीच्या जुलैत आणखी एक धडा मिळाला. युरोपीय संघाने नायरा एनर्जी या भारतात नोंदलेल्या तेल कंपनीवर निर्बंध लादले, कारण तिच्यात रशियाच्या रोझनेफ्टचा मोठा हिस्सा आहे. भारत असे एकतर्फी निर्बंध मानत नाही. तरीही मायक्रोसॉफ्टने कंपनीची ई-पत्रादी सेवा बंद केली. नायराला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, तेव्हा सेवा पूर्ववत झाली. कर्मचारी भारतीय, कार्यालय मुंबईत, पैसे वेळेवर भरलेले आणि टपालपेटीची किल्ली समुद्रापार.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. क्रे महासंगणक मिळवण्यात अमेरिकेकडून अडथळे आले, त्या पार्श्वभूमीवर १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्यातील ट्रान्सप्युटर ब्रिटिश बनावटीचे होते, हे त्या पराक्रमाला उणेपणा आणणारे नाही. ते एकमेकांशी जोडून समांतर चालवण्याची विद्या येथे सिद्ध झाली, म्हणून तो परम आपला. २०२० मध्ये सी-डॅकनेच उभारलेला ‘परम सिद्धी-एआय’ त्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या जागतिक यादीत ६३ व्या क्रमांकावर आला. त्याची कार्डे एनव्हिडियाची आहेत. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, पण तीस वर्षांपूर्वीचा प्रश्न येथेही विचारला पाहिजे. यातले किती थर आपल्याला उघडून वाचता येतात?

गमतीची गोष्ट अशी की, याच एनव्हिडियाची अभियांत्रिकी केंद्रे बंगळूरु, हैदराबाद आणि पुणे येथे आहेत. आपल्या मुलांना हे शास्त्र येत नाही असे कोणी म्हणू शकत नाही. ते त्यांना येते, परंतु मालकाच्या भिंतीआड. भिंतीबाहेर, त्याच शहरातील महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, काळा पडदा आला की यंत्र कोपऱ्यात सरकवले जाते.

स्वदेशीचा घोष करणाऱ्यांनीही येथे आत्मपरीक्षण केले पाहिजे. सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली आणली. संरक्षण मंत्रालय उबंटूवर आधारलेली ‘माया’ प्रणाली बसवीत असल्याचे वृत्त २०२३ मध्ये आले. हेतू उत्तमच. मात्र नाव भारतीय आणि पार्श्वचित्र तिरंगी केल्याने प्रणाली स्वदेशी होत नाही. एखाद्या भारतीयाने ड्रायव्हरमधील दोष शोधून केलेली दुरुस्ती मूळ कर्नेलमध्ये स्वीकारली जाते, तेव्हा त्या संहितेवर या देशाचा खरा अधिकार निर्माण होतो. असे भारतीय आहेत, पण त्यांची संख्या आपल्या अभियंत्यांच्या संख्येपुढे फार तोकडी आहे. खुल्या ड्रायव्हरने चिप बनत नाही आणि निर्यातबंदी उठत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तो एवढेच करतो की घरात आलेले यंत्र दुसऱ्याच्या लहरीने निकामी होऊ देत नाही.

हा विषय तातडीचा होण्यास आणखी एक निमित्त आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि शाळा, पतपेढ्या, ग्रामपंचायती यांतील असंख्य धडधाकट यंत्रे एकाएकी ‘कालबाह्य’ ठरली. त्यांतील बहुतेकांत इंटेलचे अंगभूत ग्राफिक्स आहे. लिनक्स बसवला की ते विनासायास चालते. ज्यांत जुनी वेगळी कार्डे आहेत तेथे रोजनिशी वाचणारा एखादा जाणता लागेल. असा जाणता औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत काही आठवड्यांत तयार होऊ शकतो. त्यासाठी नवी इमारत नको, मोडकी पाच-सात यंत्रे आणि शिकवणारा एक मनुष्य पुरे. आणि राज्य शासन पुढच्या वेळी शाळांसाठी संगणकांची निविदा काढील तेव्हा तीत एक अट घालता येईल: ज्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर मूळ लिनक्स कर्नेलमध्ये खुला उपलब्ध आहे, तेच घेतले जाईल. या अटीने खर्च वाढण्याचे कारण नाही. इंटेल आणि एएमडीची यंत्रे आजच ती पूर्ण करतात.