पळून जाणाऱ्या मुलीने काय घालावं?

गेल्या महिन्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये एक मुलगी डबा घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. चोवीस वर्षांची, दुसऱ्या टीममधली. तिला आणि तिच्या मित्राला विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं आहे. दोन्ही घरांतून नकार आहे. मी सात वर्षांपूर्वी हेच केलं होतं, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. तासभर ती विचारत राहिली. नोटीस कुठे द्यायची, साक्षीदार किती लागतात, घरचे पोलिसांत गेले तर काय करायचं. मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. डबा बंद करता करता ती हळूच म्हणाली, "आपा, अजून एक विचारू? हसू नका हं. त्या दिवशी मी काय घालू?"

मी हसलेच. मग ओशाळले. कारण हा प्रश्न मी माझ्या वेळी कुणालाच विचारला नव्हता, आणि त्याचं अर्धं उत्तर मी चुकले होते. तिची परवानगी घेऊन तो प्रश्न इथे मांडते आहे, कारण तो तिच्या एकटीचा नाही.

आधी माझं सांगते. आम्ही मन्यार. माझे अब्बा सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बांगड्यांचं दुकान चालवतात आणि आषाढीला पंढरपूरला जाऊन बसतात. आजूबाजूच्या गावांतल्या किती नवऱ्यांना त्यांनी बांगड्या भरल्या असतील, याचा हिशेब नाही. त्यात जातधर्म कधी आला नाही. माझा नवरा सय्यद घरातला, माझ्याच कॉलेजातला. इस्लाममध्ये जात नाही, असं आपण व्यासपीठावरून सांगतो आणि स्थळ बघायला बसलो की पहिला प्रश्न बिरादरीचा विचारतो. त्याच्या घरी माझं नाव निघालं तेव्हा एक वाक्य बोललं गेलं, "मन्याराची पोरगी?" ते फिरत फिरत अब्बांच्या कानावर गेलं. मग अब्बांनीही दार लावून घेतलं. ज्या घरात आपल्या धंद्याची लाज वाटते त्या घरात मुलगी द्यायची नाही, हे त्यांचं म्हणणं मला आजही चूक वाटत नाही. फक्त त्यांच्या मानापमानाची किंमत आम्ही दोघांनी का मोजायची, हा माझा प्रश्न होता.

आम्ही पुण्यात नोंदणी विवाह केला. १९५४च्या विशेष विवाह कायद्याचा रस्ता मुद्दाम निवडला. त्यात दुसरं लग्न करता येत नाही आणि तलाक कोर्टातूनच होतो, हे दोघांनाही हवं होतं. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य लागतं. नोटीस दिली की ती कार्यालयात लावली जाते आणि पुढचे तीस दिवस वाट पाहायची. ज्यांच्या घरी विरोध आहे त्यांच्यासाठी हे तीस दिवस सगळ्यात कठीण. रोज नेहमीसारखं वागायचं, फोनवर अम्मीशी नेहमीसारखं बोलायचं आणि दुपारच्या सुट्टीत लग्नाचे कपडे घेऊन यायचे. माझा ड्रेस ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, लॅपटॉपच्या जुन्या पिशवीत तीन आठवडे पडून होता.

इंजिनिअर असल्यामुळे सगळं एक्सेलमध्ये लिहिलेलं आहे. गडद लाल रंगाचा सुती-सिल्क ड्रेस २,६०० रुपये, शिलाई ५००. त्याचा कुर्ता १,४००. चांदीच्या दोन अंगठ्या १,८००. माझ्या चपला ७००. एकूण ७,००० रुपये. त्याच वर्षी माझ्या चुलत बहिणीचा शरारा ४५,०००ला आला होता. तो तिने एक संध्याकाळ घातला आणि चाचांनी पतसंस्थेचे हप्ते दोन वर्षं फेडले. त्यामुळे सात हजारांचा मला तेव्हा फार अभिमान होता.

बांगड्या मात्र मी भरल्या नाहीत. कारण साधं होतं. लहानपणापासून माझ्या हातात अब्बांशिवाय दुसऱ्या कुणी बांगडी चढवली नव्हती. दुसऱ्या मन्यारासमोर जाऊन हात पुढे करायचा, हे मला त्यांच्याशी दगा केल्यासारखं वाटलं. लग्न त्यांच्या मनाविरुद्ध करत होते, ते चाललं. बांगड्या चालेनात. माणसाचं मन असं कुठेतरी अडतं.

लग्नानंतर आठ महिन्यांनी अम्मीने पहिल्यांदा फोटो पाहिला. फोनवर बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटलं, आता रडेल किंवा शिव्या देईल. ती म्हणाली, "हात खाली कायकू रखी गे?" एवढंच. सय्यदांबद्दल, कोर्टाबद्दल, बदनामीबद्दल एक शब्द नाही. जो माणूस अख्ख्या तालुक्याच्या नवऱ्यांचे हात भरतो, त्याची मुलगी मोकळ्या हाताने उभी आहे, हे तिला सहन झालं नाही. त्या हातांत तिला दिसलं की माझ्यामागे कुणी नव्हतं.

तेव्हापासून माझं मत बदललं आहे. घरच्यांशिवाय लग्न करणाऱ्यांनी कपड्यांचा विचार करणं हा थिल्लरपणा नाही. घरच्या लग्नात कपडे माणसांबरोबर येतात. दुपट्टा मामी आणते, मेहंदी बहीण लावते, चपलेचं माप आत्याला माहीत असतं. तू काहीही घातलंस तरी तू नवरी आहेस हे पन्नास माणसं मिळून ठरवतात. आपल्या लग्नात टेबलापलीकडे एक अधिकारी, अलीकडे तीन साक्षीदार आणि बाहेर लोकांची रांग असते. तिथे तू नवरी आहेस हे तुला स्वतःलाच ठरवावं लागतं. अनेक मुली मैत्रिणीकडे किंवा क्लासला निघाल्यासारखे कपडे घालून येतात, कारण घरातून तसंच निघावं लागतं. मग पुढची तीस वर्षं लग्नाचा एकमेव फोटो बघताना त्यांना आठवते ती भीती.

अमेरिकेतल्या एका सहकाऱ्याने त्याच्या लग्नाचे फोटो दाखवले होते. डोंगरमाथ्यावर दोघंच, तिच्या पांढऱ्या ड्रेसखाली चढणीचे बूट. त्याने त्याला 'इलोपमेंट' म्हटलं. तिकडे आता या शब्दाचा अर्थ थाटमाट टाळून दोघांनी ठरवून केलेलं छोटं लग्न असाही होतो. आईवडिलांना माहीत असतं, फोटोग्राफर असतो. आपल्याकडे त्या शब्दाला 'पळून जाणं' म्हणतात आणि मागे खरोखर कुणीतरी धावत असतं. म्हणून तिकडच्या कपड्यांच्या कल्पना इकडे आणून उपयोग नाही. आपल्या गरजा वेगळ्या आहेत.

मग काय घालायचं? त्या मुलीला मी जे सांगितलं ते असं.

घरातलं काहीही घेऊ नकोस, दागिना तर अजिबात नको. तुझ्या नावाने केलेला असला, आजीने तुलाच दिलेला असला तरी नको. घरचे तक्रार करायला गेले की मुलीला नेल्याच्या आरोपाबरोबर दागिने चोरल्याचा आरोप अनेकदा येतो आणि तो बहुतेक मुलावर येतो. आम्हाला लग्नानंतर जबाब द्यायला बोलावलं तेव्हा पहिला प्रश्न होता, "घरून काय आणलं?" मी म्हणाले, "अंगावरचे कपडे, तेही माझ्या पगारातले." सगळी बिलं फोनमध्ये होती. ती दाखवल्यावर तो विषय तिथेच संपला. तू जे घालशील त्याचं बिल जपून ठेव. साताठ हजारांची ही बिलं त्या दिवशी सोन्यापेक्षा कामाची ठरतात.

कपडे असे घे की ते घालून बस, रिक्षा आणि तीन मजल्यांचे जिने सहज होतील. दिवस लांबतो. अंगठ्याचे ठसे घेतात, म्हणून मेहंदी लावलीस तर तळहातावर लाव, बोटांच्या पेरांना नको. यंत्र कधीकधी ठसा घेत नाही. फोटो तिथल्या तिथे काढतात, तेव्हा चेहऱ्यावर सावली पडेल असा जड दुपट्टा नको. आणि एक चांगली, बंद होणारी पिशवी घे. वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो, सगळ्यांच्या प्रती तिच्यात. ती तुझ्याच खांद्याला हवी, त्याच्या नको, मैत्रिणीच्याही नको. ज्याच्याकडे स्वतःची कागदपत्रं असतात त्याला कुणी सहज ओढून नेऊ शकत नाही.

बुरखा आणि हिजाबबद्दल तिने बिचकत विचारलं. बुरखा कधीच न घालणाऱ्या मुली त्या दिवशी लपण्यासाठी बुरखा घालतात, आणि रोज हिजाब घालणाऱ्या काही जणी ओळख पटू नये म्हणून तो काढून ठेवतात. दोन्ही पाहिलंय. जिवाला धोका असेल तर रस्त्यात जे करावं लागेल ते कर. पण सही करायला बसशील तेव्हा रोजची जी तू आहेस तीच बस. हिजाब तुझा असेल तर तो घालून बस, चेहरा दिसला की काम होतं. नसेल तर कुणाच्या समाधानासाठी घेऊ नकोस. २०१८मध्ये हादियाच्या खटल्यात, म्हणजे शफीन जहाँ प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने पेहराव, खाणं, विचार, प्रेम आणि जोडीदार या सगळ्या गोष्टी माणसाच्या ओळखीच्या गाभ्यातल्या मानल्या. जोडीदार निवडायचा हक्क आणि कपडे निवडायचा हक्क एकाच ओळीत आले. त्याच वर्षी शक्ती वाहिनी खटल्यात न्यायालयाने सांगितलं की दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घराण्याची किंवा समाजाची संमती लागत नाही, आणि अशा जोडप्यांच्या सुरक्षिततेसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष नेमायला सांगितलं. ही दोन नावं फोनमध्ये लिहून ठेव.

पैसे नसतील तर कपडे मागून घाल. यात लाज कसली? बुखारीतल्या एका हदीसमध्ये हजरत आयेशा आपल्या अंगावरच्या जाड्याभरड्या, पाच दिरहमांच्या कपड्याबद्दल बोलतात. आता माझी दासीसुद्धा असला कपडा घरात घालायला तयार नाही, पण पैगंबरांच्या काळात माझ्याकडे असाच एक होता आणि मदिनेतल्या ज्या कुणा बाईला सजायचं असे ती तो माझ्याकडून मागून नेई, असा त्याचा आशय. म्हणजे एकाच साध्या कपड्यावर कितीतरी जणी नटल्या. लोखंडाच्या अंगठीवरही मेहर होऊ शकतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ऐकतो, आणि मग शराऱ्यासाठी कर्ज काढतो. छोट्या लग्नाला आपल्याकडे आधार आहे, फक्त तो आपण भाषणापुरता ठेवला आहे.

पण साधेपणाच्या नावाखाली स्वतःला पुसूनही टाकू नकोस. आमच्या चळवळीतल्या काही जुन्या मंडळींना वाटतं की नोंदणी विवाह म्हणजे रोजच्या कपड्यांत जायचं, सही करायची, चहा प्यायचा. ज्यांना मनापासून तसं हवं त्यांनी जरूर करावं. मुलगी मात्र आधीच सगळं सोडून आलेली असते. तिच्याकडून आणखी एक त्याग कशाला मागायचा? अंगावर एक तरी गोष्ट अशी असू दे की जिच्यामुळे तुला तुझं घर आठवेल. आईच्या आवडीचा रंग असेल, गळ्यात लच्छा असेल, केसांत गजरा असेल. घराने तुला नाकारलं म्हणून तू घर नाकारायला हवं असं नाही.

हे लिहिताना आईवडिलांशीही दोन शब्द बोलायचे आहेत, कारण हे मासिक घरात उघडं राहतं आणि तेही वाचतात. तुमची मुलगी नोकरी करते, भाडं भरते, टॅक्स भरते. तिने जोडीदार निवडला तर रागवा, भांडा, लग्नाला जाऊ नका. पण तिला चोरासारखे कपडे घालून घरातून निघायची वेळ आणू नका. तुमच्या घरचे संस्कार किती पक्के होते हे ती पळाली त्या दिवशी दिसत नाही. कुणी बघत नसताना ती स्वतःच्या लग्नाला कशी तयार झाली, त्यात ते दिसतात.

अब्बा आता फोनवर बोलतात. पावसाचं बोलतात, फिरोजाबादहून माल आला का ते सांगतात. ईदला मी जाते, तो अजून जात नाही. माझ्या हातात अब्बांनी अजून बांगड्या भरलेल्या नाहीत आणि मीही हात पुढे केलेला नाही. दोघंही वाट बघत असू.

त्या मुलीला शेवटी मी सांगितलं ते हे. आदल्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तुळशीबागेत जा. बांगड्यांच्या कुठल्याही दुकानात बस आणि सांग की उद्या लग्न आहे. अंगठा आत वळव, हात ढिला सोड. माझे अब्बा नवरीला नेहमी एक बांगडी जास्त भरतात आणि तिचे पैसे घेत नाहीत. घरचे येणार आहेत का, नवरा कोण, हे ते कधी विचारत नाहीत. कुठलाही चांगला मन्यार विचारत नाही.