बांबूचें धनुष्य आणि आपलीं मुलें



"तीरकामठा खेळून पोट भरते का जी, गुरुजी?" असा प्रश्न आमच्या कोराडीच्या एका आजीनें मला भर शाळेच्या दारांत विचारला. तिची नात सातवींत आहे, आणि तीरकामठ्याचें खूळ त्या पोरीच्या डोक्यांत घालणारा मीच. तेव्हां आजीबाईंस उत्तर देणें मला भाग आहे. तें आपणां सर्वांसमक्ष देतों.

२०२३ च्या ऑगस्टांत बर्लिन येथें जागतिक धनुर्विद्या स्पर्धा झाली. तींत आपल्या नागपूरचा ओजस देवतळे अंतिम सामन्यांत १५० पैकीं १५० गुण मिळवून जगज्जेता झाला, आणि त्याच दिवशीं साताऱ्याकडची १७ वर्षांची आदिती स्वामी, एका शाळामास्तराची मुलगी, स्त्रियांत जगज्जेती झाली. आमच्या मुलांनीं त्यांचीं चित्रें पाहिलीं व धनुष्य मागितलें. हीं दोघें ज्या धनुष्यानें खेळलीं त्याच्या टोकांस चाकें असतात, आणि पुरा संच घ्यावयाचा तर किंमत लाखांत जाते. म्हणून मी बुरडाच्या दारीं गेलों.

मानवेल बांबूची कांब, पिळलेली सुताची दोरी व सहा बाण, सर्व मिळून ४०० रुपये. मुलीचा बाप सुतार. मुठीची जागा त्यानें घासूनपुसून नीट करून दिली.

पहिलें धनुष्य आठ दिवसांत मोडलें. दोष बांबूचा नव्हता. एका मुलानें बाण न लावतांच दोरी ताणून सोडली. बाणाबरोबर जावयाचा जोर मग कांबेंतच राहतो व ती तडकते. दुसरें करवितांना शहाणे झालों. बांबू तीन वर्षांचा, पक्का, पावसाळा सरल्यावर तोडलेला व सावलींत वाळविलेला घेतला. भर पावसांत तोडलेल्यास भुंगा लवकर लागतो. सालीकडचे तंतू सर्वांत चिवट, म्हणून बुरडानें सालीस हात लावूं दिला नाहीं. जें तासावयाचें तें आंतल्या अंगानें तासलें. दोन्ही बाजू सारख्या वांकतात कीं नाहीं हें त्यानें इतक्यांदा पाहिलें कीं मलाच कंटाळा आला. आतां खेळ संपला कीं आम्ही दोरी उतरवून ठेवतों, नाहीं तर कांबेचा जोर मरतो. तणसानें भरलेलें पोतें मातीच्या ढिगापुढें ठेवलें, वीस पावलांवर रेघ आंखली, आणि बाण सोडणाऱ्याच्या पुढें कोणीं जावयाचें नाहीं, असा सक्त नियम केला. पहिल्या दिवशीं सातवीच्या साऱ्या मुलांचे मिळून तीस बाणांपैकीं चार पोत्यांत गेले. महिन्यानें त्या एकट्या मुलीचे तीसपैकीं वीस. माझे नऊ.

स्वस्त धनुष्यास कोणीं हिणवूं नये, हें माझें पहिलें सांगणें. राजस्थानच्या आदिवासी घरांतील लिंबारामाचा हात बांबूच्या धनुष्यावरच बसलेला; १९८७ सालीं सरकारी निवडींत तो पुढें आला आणि १९८८, १९९२ व १९९६ अशा तीन ऑलिंपिकांत देशातर्फे खेळला. बांबू तर आपल्या विदर्भाच्या दाराशीं आहे, आणि २०१७ च्या कायद्यानें रानाबाहेर वाढलेला बांबू झाडांच्या व्याख्येंतून वगळल्यामुळें बांधावरचा बांबू तोडण्यास वनखात्याचा परवाना लागत नाहीं.

परंतु गोष्ट येथें संपत नाहीं. आपल्या देशांत बांबूच्या धनुष्याच्या निराळ्या स्पर्धा होतात, त्यांस इंडियन राउंड म्हणतात. त्या असाव्यातच. मात्र ऑलिंपिकचें निशाण ७० मीटरांवर, आणि तेथलें धनुष्य वेगळें. त्याला नेमाची खूण असते, तोल राखणाऱ्या दांड्या असतात, आणि तेंही गरिबाच्या आवाक्याबाहेरचें. एकलव्याची गोष्ट वर्गांत सांगतांना मी अंगठ्यापाशीं अडखळतों. आज अंगठा कोणी मागत नाहीं. किंमत सांगतात, आणि मूल मुकाट्यानें घरीं परततें.

फलटण तालुक्यांतील सरडे गांवचा प्रवीण जाधव हा मजूर आईबापांचा मुलगा. जिल्हा परिषदेच्या शाळेंतल्या शिक्षकानें त्याला आधीं पळावयास लावलें, पुढें सरकारच्या क्रीडा प्रबोधिनींत त्याच्या हातीं धनुष्य आलें. २०१९ सालीं जागतिक स्पर्धेंत भारतीय संघानें रौप्यपदक मिळविलें त्यांत तो होता, आणि २०२१ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकांतही तो खेळला. अशीं मुलें एका प्रबोधिनींत किती मावणार? प्रत्येक तालुक्यांत एका शाळेकडे एक चांगला संच सामाईक ठेवावा, आणि बांबूवर ज्यांचा हात बसला त्यांना पाळीपाळीनें तो द्यावा. मळणीयंत्र दहा घरें मिळून वापरतातच कीं नाहीं? ग्रामपंचायतींच्या सभांत हा प्रश्न आपणच विचारला पाहिजे, कारण ज्यांना दुकानांतून धनुष्य घेतां येतें ते विचारणार नाहींत.

आजीबाईंच्या प्रश्नास माझें खरें उत्तर असें कीं, बहुतेकांचें पोट यानें भरणार नाहीं. बुरडाचें मात्र थोडेंबहुत भरलें. आणि आमच्या गांवीं जगदंबेचें एवढें मोठें देऊळ. देवीच्या हातचीं शस्त्रें आम्ही पूजतों, मग नातीच्या हातची बांबूची कांब आजीच्या डोळ्यांत कां खुपावी?

येत्या हिवाळ्यासाठीं बुरडाकडे आणखी सहा धनुष्यें सांगून ठेवलीं आहेत. त्यांतल्या एकाचे पैसे मुलीच्या बापानें परवां माझ्या हातांत ठेवले, आजीस कळूं देऊं नका म्हणून बजावून.