हत्ती हुसकावता येतो, वास नाही

चंदगड तालुक्यात हत्ती उसात शिरला, की दुसऱ्या दिवशी दोन प्रश्न हमखास विचारले जातात. नुकसान किती झाले, आणि वन खाते हत्तीला कधी हुसकावणार? तिसरा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. एवढ्या डोंगरात, काळोख्या रात्री, हत्तीला नेमके तेच शेत सापडते कसे? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर या तिसऱ्यात दडलेले आहे.

२००२ च्या सुमारास कर्नाटकातील दांडेलीच्या बाजूने हत्ती तिलारी खोऱ्यात आले आणि पुढे चंदगड-आजऱ्याच्या पट्ट्यातही वावरू लागले. तेव्हापासून फटाके, मशाली, डबे बडवणे, चर खणणे असे नाना उपाय झाले. हत्ती पांगतो, चार दिवसांनी परत येतो किंवा शेजारच्या गावात जातो. यात हत्तीचा हट्ट नाही. त्याच्या नाकाला खूण मिळत राहते, म्हणून तो येत राहतो.

हत्तीची नजर बेताची असते. अन्न शोधण्याचे मोठे काम सोंड करते. जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार आफ्रिकी हत्तीत वास ओळखणारी सुमारे दोन हजार जनुके आहेत. कुत्र्याच्या दुपटीहून अधिक आणि माणसाच्या जवळजवळ पाचपट. थायलंडमधील एका प्रयोगात आशियाई हत्तींपुढे सूर्यफुलाच्या बिया भरलेल्या दोन बंद बादल्या ठेवल्या गेल्या. आत न पाहता, केवळ हुंगून त्यांनी जास्त बियांची बादली ओळखली. २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्याला बादलीतले कमी-जास्त वासाने कळते, त्याला पिकलेले शिवार कळणार नाही, ही आशा फोल आहे.

मोठा हत्ती दिवसाला सुमारे दीडशे किलो चारा खातो आणि त्यासाठी दिवसाचा बहुतेक वेळ चरत फिरतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील हत्ती-अभ्यासक रमण सुकुमार यांनी दक्षिण भारतात केलेल्या अभ्यासात आढळले, की जंगलातल्या गवतापेक्षा नाचणीसारख्या पिकांत प्रथिने, कॅल्शियम आणि सोडियम अधिक असते. पिकांत शिरण्यात माद्यांपेक्षा नर पुढे असतात, हेही त्यांनी नोंदवले. म्हणजे टस्कर शेतात येतो तो सूड म्हणून नव्हे. कमी फिरून जास्त सकस खाणे मिळते, हा त्याचा साधा हिशेब आहे.

हाच हिशेब दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे पेंग्विन मांडतात, पण त्यांचा तो चुकू लागला आहे. समुद्रातील सूक्ष्म वनस्पती खाल्ल्या जाताना एक गंधकयुक्त वायू सुटतो. त्याच्या वासावरून या पेंग्विनना मासळीचा माग लागतो. थंड, हिरवट पाणी दिसले की तिथे तारलीचे थवे असणार, हे त्यांच्या रक्तात भिनलेले. पण अतिमासेमारी आणि बदलत्या समुद्रामुळे काही भागांत खुणा तशाच राहिल्या आणि मासळी सरली. तरुण पेंग्विन खुणेवर विश्वास ठेवून तिथे जातात आणि उपाशी मरतात, असे २०१७ च्या अभ्यासात दिसले. २०२४ मध्ये या पक्ष्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. मार्च २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाच्या आदेशाने सहा वसाहतींभोवती तारली व तत्सम मासळीच्या मोठ्या जाळ्यांना दहा वर्षे बंदी आली. पेंग्विनला शहाणे करण्याच्या फंदात कोणी पडले नाही; बोटी कुठे चालाव्यात, ते ठरवले.

चंदगडला शिकण्यासारखे आहे ते एवढेच. समुद्रात खूण खोटी ठरली, इथे ती खरी आहे. पण दोन्हीकडे प्राण्याचे नाक बदलता येत नाही. वासाच्या टोकाला काय असावे, हे मात्र माणसाच्या हातात आहे.

जंगलाला लागून असलेला ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो. तो हत्तीला खाणेही देतो आणि लपायला आडोसाही. म्हणून कारखान्यांच्या तोडणी कार्यक्रमात जंगलकडेच्या फडांना पहिला मान मिळाला पाहिजे. भात-नाचणीची मळणी झाल्यावर धान्य खळ्यावर किंवा कच्च्या पडवीत न ठेवता गावातल्या पक्क्या गोदामात नेण्याची सोय हवी. जंगलाच्या कडेचा पट्टा हळद, आले, मिरची अशा हत्तीला कमी रुचणाऱ्या पिकांकडे वळवता येईल. आणि जंगलाच्या आत बांबू, वड-उंबरासारखी झाडे व पाणवठे राखले, तर त्याच्या हिशेबाची दुसरी बाजूही जड होईल.

यावर शेतकरी विचारेल, की हत्ती सरकारचा, मग पीक आम्ही का बदलायचे? प्रश्न रास्त आहे. उसाला कारखाना ठरलेला असतो. हळदीला बाजार शोधावा लागतो. म्हणून पीकबदलाचा तोटा त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पंचनाम्यानंतरची भरपाई द्यावीच लागेल, पण ती गेलेल्या पिकाची किंमत असते. पुढच्या हंगामात हत्ती पुन्हा त्याच वासावर येतो. त्याच पैशातला काही वाटा कडेच्या पट्ट्यातील पीकबदल, खरेदीची हमी आणि गोदामांवर आधीच खर्च केला, तर नुकसान होण्यापूर्वीच शेतकऱ्याच्या हाती काही पडेल.

वन, कृषी आणि साखर ही तीन खाती आज हत्तीकडे वेगवेगळ्या टेबलांवरून पाहतात. पुढचा गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी त्यांनी एकत्र बसून जंगलकडेच्या फडांची गावनिहाय यादी केली आणि ते आधी तोडले, तर सुरुवात झाली असे म्हणता येईल. त्याला नवे यंत्र लागत नाही, नवा कायदाही लागत नाही.