भट्टी तीच, एक गुन्हेगार, एक कारखानदार!

एकच काम एकानें केलें तर गुन्हा आणि दुसऱ्यानें केलें तर उद्योग, असा न्याय जेथें चालतो तेथें कायद्याचीं कलमें वाचण्यापूर्वीं परवाना कोणाच्या हातीं आहे तें पाहावें. मनुस्मृतींत जात पाहून शिक्षा सांगितली होती. ती स्मृति १९२७ सालीं महाडास जाळली गेली. पण दारूच्या कायद्यांत तिची खोड अजून शिल्लक आहे; आतां जातीच्या जोडीला भांडवल पाहिलें जातें, इतकाच काय तो फरक.

उदाहरण पाहा. पालघर जिल्ह्यांत डहाणूस साउथ सीज डिस्टिलरीज या नांवाचा मद्याचा कारखाना आहे. त्यानें २०२४ सालीं मोहाच्या फुलांपासून गाळलेलें 'सिक्स ब्रदर्स महुरा' हें मद्य बाजारांत आणलें. तें शहरांतल्या पैसेवाल्या गिऱ्हाइकासाठीं आहे आणि जुना वारसा म्हणून त्याचें कौतुकही झालें. आमची त्या कारखान्याविरुद्ध तक्रार नाहीं. तो परवाना घेतो आणि कर भरतो. आमचा प्रश्न कायद्याला आहे. त्याच तालुक्यांतल्या पाड्यावर एखाद्या वारली बाईनें तींच फुलें भिजवून मडक्यांत दारू गाळली, तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीं ती आरोपी ठरते. मडकें फुटतें, कोर्टाचे हेलपाटे सुरू होतात आणि हंगामाची मजुरी बुडते. मग वारसा कोणाचा आणि शिक्षा कोणाला?

ज्यांनीं मोहाचें झाड पाहिलें नाहीं त्यांच्याकरितां चार शब्द सांगतों. फाल्गुन-चैत्रांत पहाटे मोहाचीं फुलें गळतात. ऊन चढण्यापूर्वीं बायका-मुलें तीं वेंचून अंगणांत वाळवितात. तीं पुढें कित्येक महिने टिकतात. टंचाईच्या दिवसांत त्यांवर घर निभावतें, झाडाच्या बियांचें तेल निघतें, आणि कांहीं फुलें आंबवून त्यांची दारू गाळतात. आंबवण किती दिवस ठेवावें, विस्तव किती मंद असावा, धार केव्हां थांबवावी, हें ज्ञान कोणत्याही कॉलेजांतून आलेलें नाहीं. तें गोंड, कोलाम, भिल्ल, वारली यांच्या चुलीपाशीं जन्मलें. आज इंग्रजी शिकलेले लोक ज्याला 'क्राफ्ट' म्हणून मान देतात, तें हेंच. आमच्या भाषेंत त्याला कारागिरी म्हणतात. आणि कारागिराला आमच्या धर्मशास्त्रांनीं कोणत्या पायरीवर बसविलें होतें तें वाचकांस सांगावयास नको.

हें ज्ञान गुन्हा कसें झालें? १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानें दारू गाळणें व विकणें सरकारी परवान्याखालीं गेलें. गांवोगांवच्या लहान भट्ट्या विझल्या आणि धंदा सरकारी देखरेखीच्या मोठ्या भट्टीकडे व मक्तेदाराकडे गेला. तरी चोरून गाळणें थांबेना, म्हणून १८९२ सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत खुद्द मोहाच्या फुलांवरच कायदा झाला. झाडाखालीं पडलेलें फूल उचलणें हाही अपराध! आमचा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. तेथेंही आबकारी हें खजिन्याचें मोठें उत्पन्न होतें. गोरा साहेब असो कीं निजाम असो, दारू प्यावी कीं न प्यावी याची चिंता कोणालाच नव्हती. पैसा कोणाच्या पेटींत पडावा एवढीच चिंता होती.

येथें कोणी म्हणेल, सत्यशोधकांचें नांव सांगणारें पत्र दारूची तरफदारी करूं लागलें काय? मुळींच नाहीं. जोतीराव फुले पुणें नगरपालिकेचे सभासद असतां १८८० सालीं त्यांनीं गुत्त्यांच्या वाढीविरुद्ध लेखी हरकत घेतली होती. त्यांच्या त्या बाण्यापासून आम्ही रेसभरही हटत नाहीं. दारूनें बहुजन समाजाचीं किती घरें बसविलीं तें आमच्या बायका जाणतात. परंतु तीं घरें कोणत्या दारूनें बसलीं? मोहाच्या मडक्यानें कीं सरकारमान्य दुकानांतल्या बाटलीनें? 'देशी' म्हणून जी विकली जाते, ती मोठ्या कारखान्यांत मळीपासून किंवा धान्यापासून काढलेल्या मद्यार्काची असते. २००७ सालीं तर ज्वारीसारख्या धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना राज्यानें अनुदान देऊं केलें. गरिबाच्या भाकरीचें धान्य भट्टींत घालण्यास बक्षीस, आणि जंगलांत गळून पडलेल्या फुलास हातकडी! उलट बाजूस, चोरट्या धंद्यांतून मोह नाहींसा होऊन त्याच्या जागीं काळा गूळ, नवसागर व शेवटीं मिथेनॉलचें विष आलें. जून २०१५ मध्यें मुंबईस मालवणींत अशा विषानें शंभरावर माणसें मेलीं. तीं बहुतेक आमच्याच कष्टकरी समाजाचीं होतीं.

मोठ्या मद्य-उद्योगाशीं गांवाचें नातें काय असतें, हें आमच्या मुकुंदवाडीला विचारावें. छत्रपती संभाजीनगरच्या भोंवतीं चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत दारूचे व बियरचे मोठे कारखाने आहेत. मुकुंदवाडी चिकलठाण्याला लागून आहे. २०१६ च्या दुष्काळांत लातुराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. त्याच उन्हाळ्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मराठवाड्यांतील मद्यकारखान्यांचें पाणी ६० टक्क्यांपर्यंत कापण्याचा हुकूम द्यावा लागला. पिण्याचें पाणी आधीं कीं बियरचें, हें सांगण्यासाठींही न्यायाधीश लागले! तीन वर्षांनीं, २०१९ च्या जुलैंत, मुकुंदवाडीचीं नऊ-दहा वर्षांचीं मुलें आगगाडींत बसून औरंगाबाद स्टेशनावर पाणी भरावयास जात, जाऊन-येऊन १४ किलोमीटर. तें वृत्त परदेशींच्या पत्रांतही छापून आलें. कारखाना जवळ असला म्हणजे त्याचा नफा व पाणी जवळ येतें असें नाहीं. गांवाचा हुकूम ज्या भट्टीवर चालत नाहीं, ती भट्टी गांवाची नव्हे.

आतां धंद्याचें वारें फिरलें आहे. श्रीमंत गिऱ्हाइकाला लहान भट्टीचा, विशिष्ट मुलुखाचा माल हवा आहे, आणि सरकारें त्याप्रमाणें कायदे वांकवीत आहेत. गोव्याच्या काजू फेणीला २००९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आणि २०१६ सालीं गोवा सरकारनें तिला वारसा-पेय ठरविलें. मध्य प्रदेशानें २०२२ च्या धोरणांत मोहाचें 'हेरिटेज मद्य' गाळण्याचा मार्ग आदिवासींच्या बचत गटांना खुला केला. महाराष्ट्रानें काय केलें? २००१ सालीं द्राक्षाच्या वाइनसाठीं सवलतींचें धोरण आणलें. बागाइतदाराचें द्राक्ष हा शेतमाल, आणि भूमिहीनाचें मोहफूल हा मुद्देमाल! मोहाच्या फुलांचा सांठा व वाहतूक यांवरचे निर्बंध आदिवासींसाठीं सैल होण्यास २०२१ साल उजाडावें लागलें. म्हणजे फूल वेंचून विकावें, गाळण्याचा नफा मात्र दुसऱ्यानें घ्यावा. जून २०२५ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें 'महाराष्ट्र मेड लिकर' असा नवा वर्ग काढला. तो धान्याच्या मद्याचा व राज्यांतल्या कारखानदारांचा आहे. करवाढ धरून वर्षाला सुमारें १४,००० कोटी रुपये अधिक मिळवावे असा हेतु सांगितला गेला. त्यांत मोह वेंचणाऱ्या बाईचें नांव कोठें आहे?

तेव्हां आमचें म्हणणें स्पष्ट आहे. दारू वाईट म्हणून बंद करावयाची असेल तर सर्वांची बंद करा. शेटजीच्या कारखान्यापासून आरंभ करा, आम्ही हातांत झेंडा घेऊन पुढें येऊं. तें करावयाचें नसेल तर कारागिराला चोर म्हणणें सोडा.

लहान भट्टीचे परवाने द्यावयाचे असतील तर मोहाच्या भट्टीचा पहिला हक्क फुलें वेंचणाऱ्यांच्या सहकारी संस्थेला, आणि तोही ग्रामसभेच्या संमतीनें, असावा. ही मागणी आकाशांतून पडलेली नाहीं. १९९६ च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेला गौण वनउपजाची मालकी व मादक पदार्थांवर नियंत्रण, हे दोन्ही अधिकार सांगितलेले आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानें पहिल्याला बळकटी दिली. आमच्या मराठवाड्यांत किनवट तालुक्यांतलीं कित्येक गांवें त्यांत मोडतात. परवान्याची फी त्या गांवांच्या ऐपतीची असावी आणि मालाची तपासणी सरकारनें स्वखर्चानें करावी, म्हणजे विषाची शंका राहणार नाहीं.

दुसरें, बायकांचा हुकूम सर्वांच्या वर असावा. आज आडव्या बाटलीला मत देऊन त्या दारूचें दुकान बंद करूं शकतात. तोच अधिकार त्यांना गांवच्या भट्टीवरही द्यावा. गडचिरोलींत १९९३ पासून जी दारूबंदी आहे ती तेथल्या लोकांनीं लढून मिळविली आहे. तिला कोणीं वारशाच्या नांवाखालीं हात लावूं नये.

तिसरें, घरापुरती मोहाची दारू गाळणाऱ्या आदिवासींवरचे खटले काढून घ्यावे. मध्य प्रदेशांत अशी घरापुरती सूट आहे. येथें ती दिल्यानें आभाळ कोसळणार नाहीं. ती सक्ति व तो पोलिसी वेळ मिथेनॉल विकणाऱ्यांमागें लावावा.

चौथें, भट्टी लहान असो कीं मोठी, गांवाच्या पिण्याच्या पाण्याची सोय झाल्याशिवाय तिला पाण्याचा थेंब देऊं नये.

वाचकहो, हा प्रश्न पिणाऱ्यांचा नाहीं. ज्ञान ज्याचें त्याच्याकडे त्याचा अधिकार राहावा कीं नाहीं, हा आहे. चांभाराच्या हातचें कातडें गेलें आणि साळ्याचा माग गेला. दोन्ही ठिकाणीं कारागीर मजूर झाला. मोहाच्या बाबतींत तो मजूरही झाला नाहीं, आरोपी झाला. येत्या ग्रामसभांत हे ठराव मांडा, आपल्या आमदाराच्या हातीं ते द्या, आणि मत मागावयास तो दारीं येईल तेव्हां पहिला प्रश्न हाच विचारा कीं, मोहाच्या झाडाखालीं पहाटे वांकणाऱ्या बाईच्या नांवें परवाना केव्हां निघणार?