तांब्याभर पाण्याने रक्तातली दारू उतरत नाही!

लग्नसराईतली गोष्ट आहे. आमच्या वस्तीतल्या एका टेम्पोचालकाने हळदीच्या रात्री बारापर्यंत दारू ढोसली. चार-पाच तास झोपला. पहाटे उठून तांब्याभर पाणी प्याला, वर लिंबूपाणी घेतले आणि भाजी आणायला बाजाराकडे निघाला. सहाच्या सुमारास नाकाबंदीत त्याला अडविले, यंत्रात फुंकायला लावले. यंत्राने दारू दाखविली. "साहेब, रात्रीची आहे. सकाळपासून नुसते पाणीच पितोय," असे तो काकुळतीने सांगत राहिला. तेवढ्यात कुणीतरी कानाशी येऊन 'मिटवून टाक' म्हणाले. याने खिशात होते-नव्हते ते काढून दिले. पावती नाही, डॉक्टरी तपासणी नाही, कसला कागद नाही. आठवड्याची कमाई गेली आणि हा गडी त्याच अवस्थेत पुन्हा टेम्पो घेऊन रस्त्यावर!

यात चूक कुणाची? पैसे घेणाऱ्याची आहेच. पण आमच्या माणसाच्याही दोन चुका आहेत. त्याला पाणी काय करते ते ठाऊक नव्हते आणि कायदा काय सांगतो तेही ठाऊक नव्हते. ज्या समाजाने महाडला २० मार्च १९२७ रोजी पाण्याचा हक्क बजावला आणि त्याच तळ्यासाठी १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत दहा वर्षे कोर्टात झुंज दिली, त्या समाजाने पाणी आणि कायदा या दोन्ही बाबतींत अडाणी राहावे, हे शोभते काय?

आधी पाण्याचे बघू. दारू रक्तात मिसळली की ती मोडण्याचे काम मुख्यतः यकृत करते आणि ते आपल्याच गतीने करते. साधारणपणे तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे १० ते २० मिलिग्रॅम, एवढाच तिचा वेग. पाणी, लिंबू, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही तो वाढत नाही. आता हिशेब करा. रात्री बारा वाजता रक्तात १५० मिलिग्रॅम दारू असेल आणि ती तासाला १५ने उतरली, तर सकाळी सहाला ६० उरते. कायद्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. म्हणजे झोपून उठलेला माणूससुद्धा मर्यादेच्या दुप्पट दारू अंगात घेऊन स्टिअरिंगवर बसलेला असतो! 'रात्रीची आहे' हा बचाव विज्ञानापुढेही टिकत नाही आणि कोर्टापुढेही.

मग पाणी नको काय? हवेच! पण दारू लपविण्यासाठी नव्हे. शरीरातले पाणी राखणाऱ्या संप्रेरकाला दारू दाबून टाकते, म्हणून लघवी जास्त होते, अंग कोरडे पडते, सकाळी डोके ठणकते. पाण्याने ही कोरड भरून निघते, नशा नाही. आणि न पिणाऱ्या चालकांचे हाल काही कमी आहेत काय? रिक्षावाले, ट्रकवाले, घंटागाडीवरचे आमचे बांधव दिवसभर पाणी टाळतात, कारण रस्त्यावर धड मुतारी नाही. बायकांची तर त्याहून कुचंबणा. त्यातून मूतखडा होतो, लघवीची जळजळ होते, उन्हात चक्कर येते, लक्ष उडते. तेव्हा गाडीत बाटली ठेवा. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्या. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतेय असे समजा. उन्हात घाम फार गेला तर ओआरएसचे पाकीट पाण्यात घालून घ्या. मूत्रपिंडाचा वा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढेच पाणी. आणि मुतारीची मागणी ही भीक नव्हे, हक्क आहे. ती नगरपालिकेकडे लेखी करा.

आता कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १८५. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा रस्त्यावर तडजोडीने मिटविण्यासारखा नाही, शिक्षा न्यायालयच देते. म्हणजे नाक्यावर कुणी यासाठी रोख मागत असेल तर तो दंड नसून लाच आहे.

काही कार्यकर्ते म्हणतात, फुंकायला नकार द्या. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती संविधानाला मान्य नाही. हा गैरसमज आहे. कलम २०(३) चे संरक्षण साक्षीला आहे. बोटांचे ठसे वा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे साक्ष नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली काठी कालू ओघड खटल्यात सांगितले. श्वासाचा नमुना त्याच जातीचा. संशयाला कारण असेल तर गणवेशातला पोलीस फुंकायला सांगू शकतो. नकार दिला तर अटक होऊ शकते आणि तो नकारच तुमच्याविरुद्ध जातो. म्हणून फुंका, पण डोळे उघडे ठेवून. खोकल्याचे औषध किंवा माउथवॉश नुकतेच घेतले असेल तर तसे सांगा, चूळ भरू द्या म्हणा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी घ्या अशी विनंती करा. तोंडातला अल्कोहोल तेवढ्या वेळात निघून जातो. रक्तातला जात नाही.

अटक झालीच तर हे पाठ असू द्या. कलम २०२ प्रमाणे दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायलाच हवी. न झाल्यास कोठडीतून सोडावे लागते. (खटला मात्र त्याने संपत नाही.) स्त्रीचे रक्त पुरुष डॉक्टर घेत असेल तर दुसरी स्त्री हजर हवी. लायसन्स जप्त केले तर पोच मागा. कलम १८५ मध्ये ती पोच दाखवून गाडी चालविता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. अटकेचे कारण सांगणे, घरच्यांना कळविणे, वकिलाशी बोलू देणे आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे हे पोलिसांवर बंधनकारक आहे. गुन्हा जामीनपात्र आहे, तेव्हा जामीन हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. वकिलाला पैसे नाहीत? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला, स्त्रियांना आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करा.

पण बांधवांनो, हे हक्क दारू पिऊन गाडी हाकण्याचा परवाना नव्हेत! रस्त्यावर झाडू मारणारी, फुटपाथवर झोपणारी, पहाटे पायी कामावर निघणारी माणसे कुणाची? आपलीच. त्यांच्याही जिवाला हक्क आहे. पंचशीलातले पाचवे शील दररोज म्हणायचे आणि हळदीच्या मांडवात विसरायचे, हा दुटप्पीपणा थांबला पाहिजे. लायसन्स गेले तर चूल विझते, माणूस गेला तर घर विझते.

येत्या लग्नसराईत प्रत्येक वस्तीत एवढे तरी ठरवा. ज्याला पहाटे गाडी काढायची आहे, त्याच्या हातात रात्री पेला द्यायचा नाही. आणि ज्याने घेतली, त्याच्या गाडीची चावी घरच्या बाईकडे. ती मागूनही द्यायची नाही!