मैलांच्या हिशेबात न धरलेली झोप

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. पेण, रोहा परिसरासाठी हा बदल मोठा आहे. पूर्वी विमान पकडायचे म्हणजे मुंबईची वाहतूक कोंडी ओलांडून सांताक्रूझ किंवा अंधेरी गाठावी लागे. आता पेणहून तासाभरात आणि रोह्याहून साधारण दोन तासांत विमानतळ येतो. त्यामुळे महानगरांतील नियमित प्रवाशांपुरती असलेली एक सवय इकडच्या, विशेषतः औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या आणि कामासाठी वरचेवर विमानाने जाणाऱ्या मंडळींच्याही आवाक्यात आली आहे. सकाळी दिल्लीला जायचे, विमानतळाबाहेर पाऊलही न टाकता संध्याकाळी परतायचे. काम काहीच नाही, हवे असतात ते फक्त विमान कंपनीचे गुण, म्हणजेच ‘मैल’.

या खटाटोपामागे हिशेब असतो. वर्षभरात ठरावीक गुण किंवा फेऱ्या झाल्या, की प्रवाशाला वरची श्रेणी मिळते. मग जादा सामान, वेगळी रांग, विश्रामकक्ष अशा सवलती येतात. मुदत संपत आली आणि थोडे गुण कमी पडत असले, की एखादी फेरी मुद्दाम केली जाते. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने अशी योजना मोठ्या प्रमाणावर सुरू केली, तेव्हा गुण अंतरावर मिळत. तिकीट स्वस्त आणि अंतर लांब असेल, तर फायदा प्रवाशाचा. कंपन्यांच्या हे लक्षात आलेच. डेल्टा आणि युनायटेड यांनी २०१५ मध्ये गुणांची सांगड अंतराऐवजी खर्चाशी घातली, एअर इंडियाने २०२४ मध्ये तोच मार्ग धरला. इंडिगोची योजनाही खर्चावरच आधारलेली आहे.

म्हणजे स्वस्त तिकिटावर गुणही थोडेच. समजा, परताव्याचा दर पाच टक्के आहे. जाऊन-येऊन दहा हजार रुपये मोजले, तर हाती लागतात पाचशे रुपयांचे गुण. श्रेणी अगदी हाताशी आली असेल आणि पुढच्या वर्षी भरपूर प्रवास ठरलेला असेल, तरच एखादी फेरी परवडू शकते. एरवी हा व्यवहार चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला असाच ठरतो. पण पैशांपेक्षा महत्त्वाचा हिशेब शरीराचा आहे आणि तो कोणत्याही योजनेच्या खात्यात दिसत नाही.

विमान ३५ हजार फुटांवर असते, तेव्हा आतील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा राखला जातो. आठ हजार फूट म्हणजे माथेरानच्या जवळपास तिप्पट उंची. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण थोडे घटते, हवेतील आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली जाते. निरोगी माणसाला दोन तासांत याचा विशेष त्रास होत नाही. फुप्फुसाचा किंवा हृदयाचा जुना आजार असणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारलेले बरे. सर्दी झालेली असताना एका दिवसात चार वेळा दाब बदलला, तर कानाचे दुखणे मागे लागू शकते.

दुसरी भीती घातली जाते ती अवकाशातून येणाऱ्या किरणोत्साराची. विषुववृत्ताच्या जवळ असल्याने भारतात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे संरक्षण चांगले मिळते. जमिनीवर वर्षभरात निसर्गतः जो किरणोत्सार अंगावर येतो, त्याच्या तुलनेत देशांतर्गत एका फेरीतील मात्रा नगण्य असते. सतत उडणाऱ्या विमान कर्मचाऱ्यांचा प्रश्न वेगळा, अधूनमधून उडणाऱ्या प्रवाशाने त्याची धास्ती घेऊ नये.

पायातील रक्ताच्या गुठळीकडे मात्र दुर्लक्ष नको. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार चार तास किंवा त्याहून अधिक वेळ न हलता प्रवास केला, की गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. तो दुप्पट होऊनही सहा हजारांत एक एवढाच असतो. पण त्याच अभ्यासातील दोन मुद्दे इथे लागू पडतात. धोका फक्त विमानाचा नाही, मोटार, बस आणि रेल्वेत एका जागी बसण्याचाही आहे, आणि थोड्या काळात अनेक उड्डाणे केली तर तो वाढतो. रोह्याचा प्रवासी दिल्लीला जाऊन येतो, तेव्हा मोटारीत सुमारे चार तास आणि विमानात साडेचार तास जखडलेला असतो. विमानतळावरील बसणे त्यात धरलेलेच नाही. गरोदर स्त्रिया, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या, नुकतीच शस्त्रक्रिया किंवा पूर्वी गुठळी झालेले, कर्करोगाचे रुग्ण यांनी केवळ गुणांसाठी असा दिवस काढू नये. इतरांनी दर तासाला उठावे, पोटऱ्या हलवाव्यात, पाणी प्यावे. मनाने ॲस्पिरिन घेऊ नये.

खरा धोका मात्र हवेत नाही. सकाळी आठचे विमान धरायचे तर रोह्यात पहाटे साडेतीनला उठावे लागते. संध्याकाळी परतून सामान, वाहनतळ असे सोपस्कार आटोपून गाडी सुरू होईपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात. तेव्हा जागरण साडेसतरा तासांचे झालेले असते आणि समोर दोन तासांचा रस्ता असतो. हा रस्ता म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग. रुंदीकरणाची कामे, वळणे आणि अवजड वाहने यांतून जाताना ताज्या दमाच्या चालकालाही डोळ्यांत तेल घालावे लागते. पेणचा चालक तासभर आधी घरी पोहोचतो एवढाच फरक.

डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते. भारतात वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे थेंबभरही न घेतलेला चालक कायद्याने मद्यपी ठरणाऱ्याइतकाच मंदावलेला असू शकतो, आणि तपासणीच्या यंत्रात झोप दिसत नाही. वैमानिकांचा थकवा ओळखून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्यांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास केली. प्रवाशाच्या थकव्याला मात्र कोणी नियामक नाही. विमान दोन तास उशिरा आले, तर जागरणही दोन तासांनी वाढते. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली, तेव्हा एका दिवसाच्या बेताचे काय होऊ शकते हे देशाने पाहिले.

शेवटी हवेचा हिशेब. एक किलो विमान इंधन जळाले, की सव्वातीन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मुंबई-दिल्ली जाण्यायेण्यात एका आसनामागे ढोबळमानाने दीडशे ते दोनशे किलो होतो. घरगुती गॅसचे चार सिलिंडर जाळल्यावर साधारण एवढाच निघतो. ‘विमान तसेही उडणारच होते’ हा युक्तिवाद एका फेरीपुरता खरा वाटतो. पण कंपन्या उड्डाणे वाढवतात ती भरलेल्या आसनांकडे पाहूनच. आणि विमान उत्सर्जनाच्या भरपाईची कॉर्सिया ही जागतिक योजना फक्त आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी आहे, देशांतर्गत फेरी तिच्यात मोजलीच जात नाही.

जवळ आलेला विमानतळ ही सोयच आहे. उपचार, शिक्षण, नोकरी, नातलग यांसाठी ती जरूर वापरावी. गुणांसाठीच जायचे ठरले, तर आदल्या रात्री सात तास झोप घ्यावी, परतीला दुसरा चालक ठेवावा किंवा पनवेलला मुक्काम करावा. या मुक्कामाचा आणि चालकाचा खर्च मांडला, की बहुतेकांना आणखी एका आकडेमोडीची गरज उरणार नाही.