फोटोत नसलेला हिशेब



मागच्या वेळी या सदरात घरातल्या वाय-फायवर लिहिलं होतं. त्यात एका ओळीत सहज लिहून गेलो की, मी गोव्याला पोकरच्या स्पर्धा खेळून आलोय. वाय-फायबद्दल कुणी काही विचारलं नाही. पोकरबद्दल मात्र सात जणांनी विचारलं, आणि त्यातल्या पाच जणांचा प्रश्न एकच होता: "किती कमावले?"

हाच प्रश्न आधी एकदा घरच्यांनी विचारला होता आणि मी अर्धंच उत्तर दिलं होतं. म्हणून या वेळी सगळं सांगतो.

आमचं घर लालबर्राचं. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि शेजारी पवारी ऐकत मोठा झालो. पत्ते तेव्हापासूनच हातात. उन्हाळ्यात बदाम सात, झब्बू, मेंढीकोट; दिवाळीत मोठ्यांची रमी. मंडईच्या गर्दीत एखादा झंडी-मुंडीचा पट मांडून बसलेला असायचा. तिथे थांबलो तर मामा कान धरून पुढे न्यायचे. घरातले पत्ते चालायचे, पटावरचे पैसे नाही. ही रेघ कुणी समजावली नव्हती, पण सगळ्यांना ठाऊक होती.

नागपुरात बी.ई. झालो, पुण्यात नोकरी लागली. २०१९ मध्ये ऑफिसातल्या एका मित्राच्या फ्लॅटवर पोकर शिकलो. आम्ही खेळायचो तो प्रकार टेक्सास होल्डम. प्रत्येकाला दोन पानं लपवलेली, टेबलावर सगळ्यांसाठी पाच उघडी. सातातून उत्तम पाच पानांचा डाव ज्याचा, तो जिंकतो. किंवा बाकी सगळ्यांना पानं टाकायला लावली तरी जिंकतो, मग हातात काहीही असो.

मला आवडलं ते यातलं गणित. दोन एक्के हातात यायची शक्यता २२१ वेळांत एकदा. समोरच्याकडे दोन राजे असतील, तरीही एक्के साधारण ८२ टक्के वेळाच जिंकतात. म्हणजे उत्तम पानं, बरोबर निर्णय, आणि पाच-साडेपाच वेळांत एकदा हार. 'निर्णय बरोबर होता, निकाल वाईट लागला' असं म्हणायची सोय मला कोडिंगमध्ये कधी मिळाली नव्हती.

२०२० मध्ये सगळे घरात अडकले तेव्हा मी ऑनलाइन स्पर्धा खेळू लागलो. ठरावीक प्रवेश फी भरायची, सगळ्यांना सारख्या चिप्स. सक्तीची पैज, म्हणजे ब्लाइंड, दर काही मिनिटांनी वाढत जाते. त्यामुळे नुसतं बसून राहता येत नाही. चिप्स संपल्या की बाहेर. शेवटच्या दहा-पंधरा टक्के लोकांनाच बक्षीस. मी शंभर रुपयांपासून हजारापर्यंतच्या स्पर्धा खेळायचो. जेवणं झाली की लॅपटॉपवर चार टेबलं उघडायची, रात्री एकला झोपायचं.

या खेळातली सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे ख्रिस मनीमेकर. अमेरिकेतला हा अकाउंटंट ऑनलाइनच्या छोट्या पात्रता स्पर्धेतून २००३ च्या वर्ल्ड सीरीज ऑफ पोकरला पोहोचला आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला. घरी बसून खेळणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की पुढचा मनीमेकर आपणच. बाकीच्या ८३८ जणांची गोष्ट कोणी सांगत नाही. त्या वेळी मलाही ती ऐकायची नव्हती.

पहिली प्रत्यक्ष स्पर्धा २०२२ मध्ये, पणजीत. गोव्याचा जुगार कायदा १९७६ चा. त्यात पुढे दुरुस्त्या होऊन कॅसिनोंना परवानगी मिळाली, म्हणून मांडवी नदीत त्या बोटी उभ्या असतात. धक्क्यावरून छोट्या होडीने मोठ्या बोटीवर जायचं. वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत, ओळखपत्र दाखवावं लागतं. प्रवेश फी १५ हजार: १३ बक्षिसांच्या रकमेत, २ आयोजकांचे.

ऑनलाइन हजार स्पर्धा खेळलेला मी तिथे नवशिका होतो. चिप्स रचताना हात थरथरत होते. पहिल्या तासात दोनदा माझी पाळी नसताना पानं टाकली, डीलरने शांतपणे थांबवलं. शेजारी साठीचे एक गृहस्थ होते, दोन तासांत चार वाक्यं बोलले असतील. माझे हात बघून ते म्हणाले, "चांगली पानं आली की हात जास्त हलतात तुझे." त्यानंतर मी हात मांडीवर ठेवू लागलो. पण त्यांना जे कळायचं ते कळून गेलं होतं.

ऑनलाइन आणि प्रत्यक्ष खेळातला मोठा फरक चेहरे वाचण्याचा असेल असं मला वाटलं होतं. निघाला वेळेचा. प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. आठ तास बसलात तर साधारण २४० डाव. घरी चार टेबलांवर तेवढे डाव एका तासात उरकायचे. म्हणजे दोन एक्के दिसायला बोटीवर अख्खा दिवस बसायचं आणि तेही हरू शकतात. तिथे कंटाळा सांभाळणं हीच खरी परीक्षा. पाच तास पानं टाकत बसलेला माणूस सहाव्या तासाला काहीतरी करायचं म्हणून गुलाम-नव्वा घेऊन सगळ्या चिप्स लावतो. मी लावल्या, आणि हॉटेलवर जाऊन झोपलो.

ऑनलाइनचं दुखणं वेगळं. समोरचा खरंच माणूस आहे का, इथून सुरुवात. जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रोग्रॅमने चार व्यावसायिक खेळाडूंना एक लाख २० हजार डावांत हरवलं होतं. तो सुपरकॉम्प्युटरवर चालायचा, पण कुणाच्या लॅपटॉपवर त्याचा धाकटा भाऊ चालू असेल तर कसं कळणार? त्यात एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन निव्वळ कमाईवर ३० टक्के टीडीएस आणि ऑक्टोबर २०२३ पासून खात्यात भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी. चांगल्या खेळाडूची कमाई मुळातच काही टक्क्यांची असते. ती तिथेच संपली.

आता मूळ गोष्ट.

ऑक्टोबर २०२४, दिवाळीच्या आधी माझी गोव्याची चौथी फेरी. २१० प्रवेश, २७ बक्षिसं. मी पहिल्या तीन तासांत बाहेर पडलो, पुन्हा १५ हजार भरून बसलो, आणि दुसऱ्या दिवशी रात्री चौदावा आलो. बक्षीस ४८ हजार. चिप्सच्या ढिगामागे बसून काढलेला फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला: '२१० जणांत चौदावा! ४८,०००!' टाळ्या, फुलं, आत्याचा आशीर्वाद, सगळं आलं. बायकोने फोनवर विचारलं, "खर्च वजा करून?" मी म्हटलं, "हो, तेवढेच."

तेवढे नव्हते. ४८ हजारांवर ३० टक्के टीडीएस, १४,४०० कापले, हातात ३३,६०० आले. दोनदा भरलेले १५ हजार म्हणजे ३० हजार. बस, हॉटेल, जेवण ९,५००. एकूण खर्च ३९,५००. माझ्या सगळ्यात मोठ्या विजयात मी ५,९०० रुपये हरलो होतो. हे मला परतीच्या बसमध्येच माहीत होतं, कारण मी पहिल्यापासून एक्सेलमध्ये हिशेब ठेवतो. फोटो ग्रुपवर गेला, एक्सेल लॅपटॉपमध्ये राहिली.

भाऊबीजेला लालबर्राला गेलो तेव्हा मामेभाऊ चिकटला, "दादा, शिकव ना." वय २२, मोबाईलवर पटाईत. मी अंगणात बसून त्याला एका संध्याकाळी सगळं शिकवलं. चार बदाम हाती असताना पाचवं येण्यासाठी किती पानं उरली, त्याची टक्केवारी कशी काढायची. पोरगं हुशार, पटापट शिकलं. मला कौतुक वाटलं.

मार्चमध्ये मामांचा फोन आला. मामा कधी स्वतःहून फोन करत नाहीत.

"बाबू, तुमच्या त्या खेळात गेलेले पैसे परत येतात का गा?"

हिवाळ्यात मामांनी सोसायटीत समर्थन मूल्याने धान दिलं होतं, २,३०० रुपये क्विंटल. पैसे खात्यात आले, आणि खातं मुलाच्या मोबाईलला जोडलेलं. खताच्या दुकानात द्यायला पैसे काढायला गेले तेव्हा ४६ हजार कमी. थोडे थोडे करून दीड महिन्यात गेलेले. मी हिशेब केला: वीस क्विंटल धान. आमच्याकडे हा आकडा रुपयांपेक्षा लवकर कळतो.

त्या शनिवारी मी लालबर्राला पोहोचलो. मामेभाऊ समोर यायला तयार नव्हता. मामी चहा ठेवून आत गेल्या. मी लॅपटॉप उघडला आणि पहिल्यांदा ती एक्सेल कुणाला तरी दाखवली. सहा वर्षं. ऑनलाइन १,४१२ स्पर्धा: भरले ४ लाख १० हजार, मिळाले ३ लाख ६२ हजार ५००. गोव्याच्या पाच फेऱ्या: प्रवेश फी १ लाख ५ हजार, प्रवास आणि राहणं ४१ हजार, मिळाले फक्त ते ३३,६००. सगळं मिळून वजा १ लाख ५९ हजार ९००.

मामेभाऊ दारात येऊन उभा राहिला होता. म्हणाला, "दादा, पण तू तर जिंकला होता."

मामांनी आकडा दोनदा वाचून घेतला. मी म्हटलं, ४६ हजार मी देतो. ते म्हणाले, "पैसे यानं घालवले, हा फेडन. तुझे काहून घेऊ? पण बाबू, हा कागद फोटोसंगंच टाकला असता ना, तर हा बसलाच नसता."

याला उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, जुगार तो जुगारच, त्यात एवढं काय. पण कायद्यालाही हे सोपं गेलेलं नाही. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा ज्या प्रांतांसाठी झाला त्यांत आपला मध्य प्रांतही होता. त्यातून केवळ कौशल्याचे खेळ वगळले होते. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी मुख्यतः कौशल्याची म्हटली, तीन पत्तीसारख्या खेळांना नशिबाचे. पोकर मधेच लोंबकळत राहिला: २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने कौशल्याच्या बाजूने कौल दिला, २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने जुगार ठरवला. शेवटी २०२५ मध्ये संसदेने हा वादच बाजूला ठेवला. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, मग कौशल्याचे असोत की नशिबाचे. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली आणि काही दिवसांतच बहुतेक मोठ्या कंपन्यांनी पैशांची टेबलं बंद केली. खेळणाऱ्याला शिक्षा नाही; चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो.

माझं मत विचाराल तर पोकरमध्ये कौशल्य आहे. पण ते दिसायला हजारो डाव लागतात, आणि हजारो डाव खेळायला हरता येतील असे पैसे लागतात. माझ्याकडे पगार होता. मामेभावाकडे धान होतं. खेळ तोच, टक्केवारी तीच, पण आम्ही दोघं एका टेबलावर नव्हतोच. हे मी त्याला अंगणात शिकवलं नाही, कारण मलाच सुचलं नव्हतं.

तो उन्हाळाभर एका ट्रॅक्टरवाल्याकडे राबला, थोडे पैसे फिटले, बाकी फिटतायत. कायदा आल्यावर मी त्याला फोन केला तेव्हा म्हणाला, "दादा, बाहेरच्या देशातल्या ॲपच्या लिंका येतातच मोबाईलवर." उघडतोस का, असं विचारलं. थोडा थांबून म्हणाला, "पहिले उघडत होतो." मी त्यापुढे विचारलं नाही. बायकोला मात्र तो '५,९००' मार्चमध्येच सांगितला. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. 'हो' म्हणायला तू जरा वेळ घेतलास."

या दिवाळीत लालबर्राला आम्ही घरातच स्पर्धा लावली. नऊ जण, प्रत्येकी पन्नास चिंचोके, दर पंधरा मिनिटांनी ब्लाइंड दुप्पट. मामांनी आधी नको म्हटलं, मग बघायला बसले, मग मामींना पानं सांगू लागले, तेव्हा त्यांना उठवावं लागलं. शेवटी मामी आणि मामेभाऊ उरले. मामींनी सगळे चिंचोके पुढे सरकवले. त्याने बराच विचार केला, टक्केवारी काढली असावी, आणि पानं टाकली. मामींकडे सत्ती-दुरी होती. असा हशा पिकला की शेजारचे बघायला आले.

त्याही संध्याकाळी मी ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं: मी सातवा, पन्नास चिंचोके गेले.

ज्या पाच जणांनी विचारलं होतं, त्यांना उत्तर मिळालं असेल. चिंचोक्यांची स्पर्धा कशी लावायची हे हवं असेल तर कळवा, पुढच्या वेळी नियम लिहून देतो.